एकच अल्बम, रोज एकदा, पूर्ण

गेल्या महिन्यात माझा भाचा मोबाईल पुढं करून म्हणाला, "मामा, हे इंडी रॉक म्हणजे काय असतंय? रीलवर तुकडा ऐकला, लई भारी वाटला. म्हणून सगळा अल्बम लावला तर काही कळेनाच झालं. सुरुवात कुठनं करायची?" पोरगा अकरावीला आहे, कान चांगला आहे. त्याला उत्तर द्यायला बसलो आणि लक्षात आलं की हे चहा संपेपर्यंत सांगून होणारं काम नाही. म्हणून सविस्तर लिहितोय, त्याच्यासाठी आणि त्याच्यासारखं नवीन ऐकू पाहणाऱ्या सगळ्यांसाठी.

मला माहीत असलेली वाट एकच आहे. एक अल्बम निवडायचा, तो रोज एकदा पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत ऐकायचा, आणि दहा दिवस दुसरं काही लावायचं नाही. ही वाट मला २०१९ च्या महापुरानं दाखवली.

त्या ऑगस्टमध्ये आम्ही कोल्हापूरच्या शाहूपुरीत राहत होतो, कुंभार गल्लीच्या जवळ. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. पाणी ती ओलांडून कितीतरी वर गेलं होतं. गॅसची शेगडी, धान्याचे डबे, देव, आईची हार्मोनियम, सगळं रात्रीत वर चढवलं आणि शेजाऱ्यांच्या दुसऱ्या मजल्यावर जाऊन राहिलो. वीज नाही, रेंज येऊन-जाऊन. एक पॉवर बँक आणि पाच फोन. बॅटरी निरोपासाठी राखायची, हे ठरलेलं. माझ्या फोनमध्ये उतरवून ठेवलेला एकच अल्बम होता. पुण्याच्या एका मित्रानं कधीतरी आग्रहानं ऐकायला सांगितलेला. त्याआधी मी तो दोनदा लावला होता आणि दोन्ही वेळा तिसऱ्या गाण्यापर्यंतही टिकलो नव्हतो. गाणारा ओरडतोय, गिटार फाटलेली, असं वाटून बंद केला होता.

पुरात रोज रात्री एकदा, स्क्रीन बंद करून, एवढीच चैन परवडत होती. अल्बम सुमारे ४० मिनिटांचा. तिसऱ्या रात्रीपर्यंत तो मला नुसता सोबतीला होता. चौथ्या रात्री एका गाण्याच्या शेवटाला मी पुढचं गाणं सुरू व्हायची वाट बघत होतो, अंगावर काटा येऊन. पाणी उतरलं, घर धुतलं, भिंतींची ओल जायला दिवाळी उजाडली. अल्बम मात्र तेव्हापासून माझा झाला तो झालाच.

तो अल्बम म्हणजे न्यूट्रल मिल्क हॉटेल या अमेरिकन बँडचा 'इन द एरोप्लेन ओव्हर द सी', १९९८ सालचा. नाव ऐकून गंगावेशीचा दूधकट्टा आठवला तर आठवू दे, भाच्यालाही तोच आठवला. पुढची सगळी उदाहरणं मी याच अल्बमची देणार आहे, कारण जे मनापासून माहीत आहे त्याबद्दलच सांगावं. तुम्ही दुसरा निवडलात तरी रीत हीच.

इंडी म्हणजे काय, थोडक्यात

जगातल्या रेकॉर्ड धंद्याचा मोठा हिस्सा तीन कंपन्यांकडे आहे: युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर. यांच्या बाहेर राहून, स्वतःच्या खिशातून किंवा एखाद्या छोट्या लेबलच्या, म्हणजे रेकॉर्ड कंपनीच्या मदतीनं जे बँड अल्बम काढतात ते इंडिपेंडंट, बोलीत इंडी. ऑल्टरनेटिव्ह हा शब्द रेडिओवर सतत वाजणाऱ्या रॉकपेक्षा वेगळं काही करणाऱ्यांसाठी आला. आता तो इतका पसरलाय की त्याच्या व्याख्येवर वेळ घालवू नका.

छोटं लेबल म्हणजे किती छोटं, हे समजलं की मात्र ऐकण्यात फरक पडतो. हा अल्बम काढणारं मर्ज रेकॉर्ड्स १९८९ साली नॉर्थ कॅरोलिनातल्या चॅपेल हिल या गावात सुरू झालं. सुरू करणारे दोघे, मॅक मॅककॉगन आणि लॉरा बॅलन्स, स्वतःच सुपरचंक नावाच्या बँडमध्ये वाजवत होते. आपली आणि मित्रांची गाणी कुणी काढेना तर आपणच काढू, एवढाच विचार. न्यूट्रल मिल्क हॉटेलचा गायक जेफ मँगम आणि अल्बमचा निर्माता रॉबर्ट श्नायडर हे लुइझियानातल्या रस्टन या गावातले लहानपणापासूनचे मित्र. घरातच कॅसेटवर गाणी रेकॉर्ड करायची आणि एकमेकांना द्यायची, असं करत ही पोरं वाढली. कोल्हापूरच्या माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. शंभर वर्षांपूर्वी बाबूराव पेंटरांनी सिनेमासाठी कॅमेरा याच गावात, स्वतःच्या हातांनी तयार केला होता.

निवड

पहिला अल्बम ३५ ते ४५ मिनिटांचा निवडा. सव्वा तासाचा घेतलात तर रोज ऐकणं होणार नाही. 'जगातले सर्वोत्तम १००' अशा याद्यांत शिरू नका, तिथं माणूस निवडत बसतो आणि ऐकत काहीच नाही. त्यापेक्षा एखाद्या जित्या माणसाला विचारा: तुझ्या आयुष्यात राहिलेला एक अल्बम सांग. त्यानं सांगितलेला डोळे झाकून घ्या. आवडेल याची खात्री नसते, पण त्यात काहीतरी आहे याची असते.

तयारी

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण नव्या माणसाचं पहिलं ऐकणं बहुतेक वेळा इथंच फसतं.

अल्बम डाउनलोड करून ठेवा, म्हणजे मध्ये गोल फिरणारं चक्र बघत बसावं लागणार नाही. शफल, म्हणजे गाणी उलटसुलट क्रमानं लावणारं बटण, बंद करा. अल्बममधल्या गाण्यांचा क्रम बँडनं विचार करून लावलेला असतो. या अल्बममध्ये पहिलं गाणं दुसऱ्यात थेट शिरतं, चौथं संपता संपता पाचवं सुरू होतं, आणि चौथ्याचा दुसरा भाग एकदम शेवटी, अकराव्या जागी येतो. क्रम मोडला की गोष्टच मोडली. ॲपच्या सेटिंगमध्ये क्रॉसफेड, म्हणजे एका गाण्याचा शेवट पुढच्याच्या सुरुवातीत मिसळणारी सोय, असेल तर तोही शून्यावर ठेवा. अल्बम संपल्यावर ॲप आपल्या मनानं दुसरं काही लावतं, ते ऑटोप्लेही बंद. फुकटच्या सेवेत मध्येच जाहिरात येत असेल तर या दहा दिवसांपुरते एका महिन्याचे पैसे भरा, किंवा अल्बम विकत घ्या. त्याबद्दल पुढं सांगतो.

इअरफोन साधे वायरचे चालतात. पण दोन्ही कान नीट वाजतायत का ते आधी तपासा आणि डावा डाव्या कानातच घाला.

जागा ठरवा. मी आता रंकाळा तलावावर ऐकतो. रंकाळा टॉवरपासून निघायचं, पाण्याच्या कडेनं शालिनी पॅलेसपर्यंत रमतगमत जायचं आणि परत यायचं. अल्बम जवळपास तेवढ्यातच संपतो. सकाळी सहाच्या आसपास जा, संध्याकाळी भेळेच्या गाड्यांची गर्दी असते. गाडी चालवताना इअरफोन घालून ऐकू नका. शिरोलीला कामावर जाताना हायवेवर मी एकदा हा मूर्खपणा केलाय आणि मागून आलेल्या टेम्पोचा हॉर्न मला ऐकू आला नव्हता.

पहिले तीन दिवस: काही ठरवू नका

पहिल्या ऐकण्यात आवडलं की नाही हा प्रश्नच स्वतःला विचारू नका. शब्द वाचू नका, बँडबद्दल शोधू नका. फक्त बसा. कंटाळा आला तर येऊ दे.

दोन गोष्टी मात्र आधी सांगून ठेवतो, कारण त्यांवरच बहुतेक जण अडखळतात.

पहिली, आवाज फाटल्यासारखा वाटेल. इअरफोन खराब झालाय असं वाटून मी तो बदलूनही आणला होता. खरं तर साध्या, अकूस्टिक गिटारचा आवाज रेकॉर्डिंगच्या वेळी यंत्राच्या मर्यादेपलीकडं मुद्दाम ढकललेला आहे, म्हणून त्याला ती करकर आलीय. याला डिस्टॉर्शन म्हणतात. गिटार साधीच, सूर साधेच, पण कुणीतरी तोंड अगदी कानाजवळ आणून बोलावं तसं वाटतं. दोन-तीन दिवसांनी त्या करकरीच्या आत सूर दिसायला लागतो, आणि एकदा दिसला की मग करकर जाचत नाही.

दुसरी, गायकाचा गळा. मँगम वरच्या स्वरांत ताणून गातो, गळा चिरतो, तरी थांबत नाही. इथं मला आपल्याच गावची गोष्ट आठवते. १८९५ साली अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात गायक म्हणून कोल्हापुरात आले. त्याआधी अति गाऊन त्यांचा आवाज बसला होता आणि पूर्वीसारखा तो पुन्हा झालाच नाही. मग त्या उरलेल्या आवाजाला पेलेल, शोभेल अशी नवी गायकी त्यांनी घडवली, आणि तीच जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी म्हणून आज सगळे मानतात. दोन संगीतांची तुलना करायची नाहीये मला. पण गोड गळा म्हणजेच गाणं, हे या गावानं तरी कधी मानलेलं नाही.

चौथ्या दिवसापासून: एक वाद्य धरा

आता रोज एका वाद्याच्या मागं जा. बाकी सगळं ऐकू येईलच, पण लक्ष त्या एकावर. एक दिवस ड्रम, एक दिवस बेस, म्हणजे खर्जात वाजणारी गिटार. हे केल्याशिवाय रॉकचा अल्बम सगळा एकच गोंगाट वाटतो. एकदा धागे सुटे ऐकू आले की मग ते एकत्र कसे विणलेत तेही कळतं.

या अल्बममधलं माझं वाद्य म्हणजे करवत. होय, सुताराची हातकरवत. तिसऱ्या गाण्यात, म्हणजे अल्बमच्याच नावाच्या गाण्यात, मागून एक आवाज येतो. बाईनं तोंड मिटून गुणगुणावं तसा, थरथरणारा, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारा. कित्येक दिवस मला वाटलं ते एखादं इलेक्ट्रॉनिक यंत्र असेल. नंतर वाचलं की बँडमधला ज्युलियन कोस्टर करवत वाजवतो.

माझा विश्वास बसेना. मंगळवार पेठेत ओळखीचे एक सुतारकाका आहेत, त्यांच्याकडं गेलो. सोबत व्हायोलिन शिकणाऱ्या मित्राचा गज, राळ चोळून तयार केलेला. काकांनी सगळ्यात लांब आणि पातळ पात्याची करवत काढून दिली. खुर्चीवर बसलो, मूठ दोन्ही मांड्यांत घट्ट धरली, दाते स्वतःकडं केले, डाव्या हातानं पात्याचं टोक वाकवलं आणि दात्यांच्या उलट्या, गुळगुळीत कडेवर गज ओढला. पहिली दहा मिनिटं नुसती किरकिर. मग पात्याला इंग्रजी एस अक्षरासारखा दुहेरी बाक दिला, गज बाकाच्या मधोमध आणला आणि एकदम ती बोलली. टोक जास्त वाकवलं की स्वर वर, सैल सोडलं की खाली. काका रंधा बाजूला ठेवून बघतच राहिले. "आरं," ते म्हणाले, "ही तर रडायला लागली की!"

त्या दिवसानंतर ते गाणं मी कधीही नुसतं मागं लावून ठेवू शकलो नाही. तुम्ही करवत आणाच असं म्हणत नाही (आणलीत तर हातमोजे घाला). पण तुमच्या अल्बममधलं एखादं वाद्य जवळून बघा. देवल क्लब या गावातल्या जुन्या संगीतसंस्थेत किंवा एखाद्या क्लासमध्ये जाऊन बेस गिटारची जाड तार बोटानं दाबून बघा. मिरजेला, रेल्वेनं तासा-सव्वा तासावर, सतारमेकर भोपळ्यापासून तंबोरा घडवताना दिसतात, तेही बघून या. आवाज कशातून निघतो ते हाताला कळलं की कान आपोआप तयार होतो.

दुसरं वाद्य सांगायचं तर ब्रास, म्हणजे ट्रम्पेट-ट्रॉम्बोनची फुंक. पाचव्या जागी शब्द नसलेला एक तुकडा आहे, स्कॉट स्पिलेनच्या ब्रासचा. तो समजायला आपल्याला कसलीही शिकवणी नको. रात्री गल्लीच्या दुसऱ्या टोकाहून वरातीचा बँड येतोय असं समजा: ढोल आधी पोहोचतो, सूर मागून, एक ट्रम्पेट जरासा बेसूर, आणि तरीही सगळे मिळून एकाच दिशेनं चाललेले. फक्त इथं वरात नाही, अंत्ययात्रा असावी अशी चाल आहे.

मग शब्द

पाच-सहा वेळा ऐकून झालं की गाण्याचे शब्द समोर घ्या. आधी नको. इंग्रजी कच्चं आहे म्हणून हे संगीत आपलं नाही, असं समजणारी कितीतरी पोरं मला माहीत आहेत, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. या बाबतीत माझ्या आईचं उदाहरण देतो. आई भजनी मंडळात गाते, इंग्रजीशी तिचा संबंध एसटीच्या पाटीपुरता. एकदा मी स्वयंपाकघरात हा अल्बम स्पीकरवर लावला. ती भाकऱ्या थापत होती. दोन-तीन गाणी झाल्यावर हात थांबवून म्हणाली, "ह्यो कुणाला हाका मारायलाय एवढ्या?"

मी गप्प झालो, कारण तिनं अल्बमचा गाभाच सांगितला होता. मँगमनं ॲन फ्रँकची डायरी वाचली आणि तो त्यातून सावरलाच नाही. नाझींपासून लपून राहिलेली ती मुलगी १९४५ च्या सुरुवातीला बर्गन-बेल्सनच्या छळछावणीत वारली, पंधरा वर्षांची. काळात मागं जाऊन तिला वाचवता आलं असतं तर, या विचारानं त्याला झपाटलं होतं, असं त्यानं मुलाखतीत सांगितलंय. अल्बममधली बरीच गाणी पन्नास वर्षांपूर्वी गेलेल्या त्या मुलीला मारलेल्या हाका आहेत. आईला यातलं काही ठाऊक नव्हतं.

शब्द वाचायची माझी रीत अशी. रोज एकच गाणं. वही घ्या, डाव्या पानावर इंग्रजी, उजव्यावर आपल्या भाषेत काय होतं ते. घरात बोलता त्या मराठीत लिहा, पुस्तकी नको. सगळं कळणार नाही. या अल्बममध्ये बरणीतला दोन डोक्यांचा मुलगा आहे, भुतं आहेत, एकात एक मिसळलेली स्वप्नं आहेत. जिथं अर्थ लागत नाही तिथं कोरी ओळ सोडा. माझ्या वहीत आजही सतरा कोऱ्या ओळी आहेत, आधी चाळीसच्या वर होत्या.

आता बँडबद्दल वाचायलाही हरकत नाही. हा अल्बम १९९७ च्या उन्हाळ्यात डेन्व्हरमध्ये श्नायडरच्या स्टुडिओत रेकॉर्ड झाला. आठव्या जागचं आठ मिनिटांपेक्षा मोठं गाणं मँगमनं गिटारसकट एका दमात गायलं. ते संपताना मागं कुणीतरी थक्क होऊन ओरडल्याचं बारीक ऐकू येतं. तो आवाज तसाच ठेवलाय. अल्बम आला, दौरे झाले, आणि त्यानंतर बँड जवळजवळ गप्प झाला. २०१३ मध्ये पुन्हा एकत्र येईपर्यंत अल्बम एकानं दुसऱ्याला दिला, दुसऱ्यानं तिसऱ्याला, असा वाढत गेला. माझ्यापर्यंतही तसाच आला.

नाहीच आवडला तर

दहा वेळा ऐकून नाही आवडला तर सोडून द्या, अपराधी वाटून घेऊ नका. फक्त दहा म्हणजे दहा. दोनदा ऐकून ठरवलेलं मत माझंही होतं.

पैसे

अल्बम आपला वाटला की विकत घ्या. हे मी कळकळीनं सांगतो. छोट्या बँडचं घर अशाच खरेदीवर चालतं. बँडकॅम्प ही २००८ साली सुरू झालेली साइट त्यासाठी चांगली. डिजिटल विक्रीतले १५ टक्के ती ठेवते, पैसे पोहोचवण्याचा खर्च जातो आणि बाकीचे बँडला किंवा लेबलला मिळतात. मार्च २०२० पासून ती काही ठरावीक शुक्रवारी आपला वाटाही सोडते, तेव्हा घेतलंत तर आणखी बरं. आपल्याकडच्या बहुतेक कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या ॲपमधून ते चालू करा, मर्यादा कमी ठेवा, खरेदी झाली की पुन्हा बंद करा. डाउनलोड करताना फ्लॅक निवडलंत तर फाइल मोठी पण आवाज पूर्ण. फोनमध्ये जागा कमी असेल तर एमपीथ्री चालेल. रेकॉर्ड प्लेअरच्या खर्चात पहिल्या वर्षी पडू नका.

दुसरा अल्बम

अकराव्या दिवशी लगेच दुसरा लावू नका, चार दिवस जाऊ दे. मग आपल्या देशातला घ्या. भाच्यासाठी मी तीन काढून ठेवलेत. केरळच्या अवियल बँडचा त्याच नावाचा, २००८ सालचा: मल्याळममधलं रॉक, शब्द न कळताही कसं ऐकायचं याचा पुढचा धडा. दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनीचा 'बिस्मिल्लाह', २०१९ चा; ब्रास आवडली असेल तर हाच आधी. आणि इंडियन ओशन या बँडचा 'कंदीसा', २००० सालचा. लेबलच्या हिशेबानं तो काटेकोर इंडी म्हणता येणार नाही, पण त्यातलं शीर्षकगीत ही ॲरमाइक भाषेतली जुनी ख्रिस्ती प्रार्थना आहे, आणि असीम चक्रवर्तींचा तबला व गळा त्यात आहे. ते २००९ मध्ये गेले. त्यांचं गाणं समोर बसून ऐकायचं माझं राहून गेलं.

कुणाला ऐकवायचा असेल तर एका वेळी एकालाच ऐकवा, आणि मध्ये बोलू नका. रंकाळ्याच्या कट्ट्यावर ब्लूटूथ स्पीकर लावून सगळ्यांवर लादू नका, त्यानं अल्बमही वाया जातो आणि माणसंही दुरावतात.

शेवटची सूचना भाच्याला दिली होती तीच. शेवटचं गाणं संपलं असं वाटलं तरी इअरफोन काढू नकोस, उरलेल्या वेळेचा आकडा शून्यावर जाईपर्यंत थांब. का, ते सांगितलं नव्हतं. नवव्या दिवशी सकाळी पावणेसातला त्याचा मेसेज आला: "मामा, शेवटी गिटार खाली ठेवल्याचा आवाज येतोय. खुर्ची करकरते. तो उठून गेला काय?"

होय, म्हणून कळवलं. उद्या परत लाव.